आयुधपूजेचा रंग

दसऱ्यापासून अनुसूयाने गाडी बंद करणंच सोडून दिलं होतं. भाजी घ्यायला उतरली तरी इंजिन घरघरत असायचं, देवळासमोर थांबली तरी घरघरत असायचं. प्रसादाला हात पुढे करतानाही तिचे कान बाहेर रस्त्यावर. चामराजपेटेतला भाजीवाला धुराने खोकत म्हणायचा, “अक्का, स्वल्प बंद तरी करा की.” ती “सरी, सरी” म्हणायची आणि हाताला लागतील ती वांगी पिशवीत भरायची. बंद केली आणि परत लागली नाही, तर ढकलायला ह्याच खोकणाऱ्या माणसाला बोलवावं लागलं असतं.

गाडी सासऱ्यांच्या वेळची अँबॅसॅडर. तिचं पेट्रोलचं इंजिन थकलं, तेव्हा ते काढून डिझेलचं बसवायचं ठरलं. हयवदन नावाच्या मेकॅनिकने ते काम मन लावून केलं. गॅरेजातून गाडी घरी आली ती आवाजाला जरा रांगडी, पण किल्ली फिरवली की लगेच सुरू होणारी.

चालवणारी एकटी अनुसूया. तिच्या नवऱ्याला, नरसिंहरावांना, गाडी येत नव्हती. तरुणपणी एकदा शिकायला बसले, क्लच सोडताना गचका खाऊन गाडी दूधवाल्याच्या सायकलीवर गेली, आणि तेव्हापासून ते बसने ऑफिसला जात. अनुसूया मात्र चाळिशीच्या तोंडावर शिकली. गल्लीतल्या मुलींना ती सकाळी बसवनगुडीच्या शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. आधी ती गल्लीत फक्त नरसिंहरावांची बायको होती. आता मुली तिला गाडीअक्का म्हणायच्या आणि त्यांच्या आया तिला विचारून वेळा ठरवायच्या. सकाळी स्टिअरिंगवर हात ठेवला की आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटायचं. हे वाटणं तिला फार प्रिय होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

नरसिंहराव सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचे. हात असा स्थिर की शाईची रेघ कधी जाड-बारीक व्हायची नाही. गाडीसाठी आपणही काही करावं, असं त्यांच्या मनात फार होतं, पण करणार काय? शेवटी दसऱ्याच्या आयुधपूजेच्या आधी त्यांनी रजा टाकली, बॉनेट उघडलं आणि आत जे जे सुटेल ते सोडवून, पुसून, चकचकीत काळा ऑइलपेंट दिला. वाळू दिला आणि सगळं पुन्हा जागच्या जागी आवळलं. कुठे ओघळ नाही, थेंब नाही. नव्या इंजिनाला जुन्या पोटात लाज वाटू नये म्हणून, असं ते स्वतःच म्हणाले.

पूजेला गल्लीने बॉनेटमध्ये वाकून वाकून पाहिलं आणि तोंडभरून कौतुक केलं. केळीचे खांब बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, कोहळा फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आता गाडी पुढे घेऊन लिंबं चिरडायची. अनुसूया नवी साडी नेसून ऐटीत बसली, तिने किल्ली फिरवली, आणि आतून नुसतं ‘टक्’ झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. शेवटी शेजाऱ्यांनी मागून ढकलून लिंबं चिरडली.

“हिचा हात जड आहे,” नरसिंहराव सगळ्यांसमोर हसत म्हणाले.

बोलले गमतीत, पण ती गंमत घराला चिकटली. गाडी कधी लागायची, कधी हटून बसायची. ढकलली की मात्र हमखास सुरू व्हायची. हयवदनने बॅटरी बदलली, सेल्फ उघडून पाहिला, पुन्हा बसवला आणि हात टेकले. आणि गाडी अडली रे अडली की खापर ठरलेलं. दूधवाला म्हणायचा, पेपरवाला म्हणायचा, अक्कांचा हात जड. अनुसूयाचा जीव सारखा टांगणीला. स्वयंपाक करतानाही तिचा उजवा अंगठा आणि बोट आपोआप किल्ली फिरवल्यासारखे फिरायचे. रात्रीच्या झोपेतही ‘टक्’ ऐकून ती दचकायची. हळूहळू तिला स्वतःलाच वाटायला लागलं, खरंच असेल जड. तिला सगळ्यात जास्त राग आला तो ह्या वाटण्याचा.

मग धुक्यातली ती सकाळ आली. मुली मागे दप्तरं मांडीवर घेऊन बसलेल्या, दिवे लावलेले, समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड. तिने किल्ली फिरवली. ‘टक्’. दात ओठ खाऊन तिने किल्ली तशीच दाबून धरली. हे डिझेल इंजिन बंद करायला डॅशबोर्डवरची एक गुंडी ओढावी लागे. आपणच ती चुकून ओढून ठेवलीय की काय, म्हणून तिने डाव्या हाताने तिची दांडी आत ढकलली, आणि बोटं चटकन मागे घेतली. दांडी तव्यासारखी तापली होती. भिंतीवरचा उजेड मात्र तसाच लख्ख, तसूभरही मंद झालेला नाही, म्हणजे बॅटरीत जोर होता. मुलींच्या वडिलांनी धोतरं-लुंग्या सावरत गाडी ढकलली आणि शाळेची घंटा चुकली.

संध्याकाळी एका मुलीच्या आईने नरसिंहरावांना रस्त्यात गाठून गोड शब्दांत चार गोष्टी ऐकवल्या. ते घरी आले ते तणतणतच.

“नंदकिशोर विचारतोच आहे,” ते म्हणाले. नंदकिशोर म्हणजे त्यांचा होसकोटेचा चुलत भाऊ. व्हाइटफील्डला नवी ऑफिसं उठत होती, तिथल्या लोकांची ने-आण करायला त्याला गाडी हवी होती. “रविवारी जेवायला येतोय. तोवर पुन्हा एकदा जरी अडली, तर किल्ली त्याला देतो. पुरुषाच्या हातात नीट तरी चालेल.”

“बरं,” अनुसूया म्हणाली. पोळी लाटताना तिचं लाटणं जरा जास्तच आपटत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलींना सोडून ती थेट हयवदनकडे गेली, इंजिन चालू ठेवूनच. दांडी तापल्याचं सांगितल्यावर त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“अक्का, करंट बॅटरीतून इंजिनात जातो, पण त्याला परत पण यायला पाहिजे की नाही? इंजिन रबरावर बसलंय. म्हणून बॉडीला जोडायला ही तांब्याची पट्टी. ही नसली तर करंट मिळेल त्या तारेतून पळतो, गुंडीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या तारेतून सुद्धा. तार बारीक, ती तापते.” त्याने पट्टी धरून हिसका दिला. “पण पट्टी आहे. मीच बसवली. घट्ट आहे बघा. सुम्ने, उगाच, शंका घेऊ नका.”

सुम्ने तर सुम्ने. घरी आल्यावर अनुसूयाने पदर खोचला, पाना घेतला आणि त्या घट्ट पट्टीचा बोल्ट सोडवला. पट्टी उचलली. खाली काळा कुळकुळीत ऑइलपेंट, आरशासारखा. पट्टीच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना तोच. तांबं लोखंडाला टेकतच नव्हतं, मध्ये नरसिंहरावांची कलाकुसर होती. बोल्टाच्या आट्यांतून जेवढा करंट झिरपेल तेवढ्यावर बिचारी गाडी मनात आलं तर लागत होती.

आधी तिला हसू आलं. मग इतका संताप आला की हातातला पाना अंगणाच्या त्या टोकाला फेकावासा वाटला. महिनाभर जड हात, जड हात! आणि मग रजा टाकून, बनियनवर, जीभ दातांत धरून रंगवत बसलेला नवरा तिच्या डोळ्यांसमोर आला. ह्या गाडीसाठी त्यांना करता येण्यासारखं तेवढं एकच होतं. ते त्यांनी जीव ओतून केलं होतं. तिने आतून जुनी सुरी आणली, रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, पट्टी आवळली. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. संध्याकाळी तिने नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नाही.

पुढचे दिवस तिने गाडी नुसती बंद करण्याच्या सुखात घालवले. भाजीवाल्यापुढे बंद, देवळापुढे बंद, फाटकापाशी उगाच बंद. मुली मागून किल्लीला टाळ्या वाजवायच्या. नरसिंहराव म्हणाले, “बॅटरी रुळलेली दिसते.” ती “असेल” म्हणाली आणि भाताचा घास गिळला.

रविवारी नंदकिशोर आला. पुरणपोळी झाली, तूप झालं, पान झालं. मग त्याने विषय काढला, “अण्णा, गाडीचं कसं काय?”

“गाडी उत्तम आहे,” अनुसूयाच मध्ये म्हणाली. “चला, मार्केटच्या बसपर्यंत मीच सोडते, म्हणजे बघाल.”

ती बसली, किल्ली फिरवली.

‘टक्’.

पुन्हा ‘टक्’. नंदकिशोर सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागला. नरसिंहराव खिडकीशी आले आणि त्यांनी हात पुढे केला.

“दे किल्ली. म्हटलं नव्हतं मी? हिचा हातच जड.”

ती उतरली, पण किल्ली दिली नाही. तिने बॉनेट उचललं. पट्टीजवळ तेच चकचकीत काळं, आणि नाकाला ताज्या रंगाचा वास.

“सकाळी तुम्ही इथे रंग दिलात?”

“मग? त्या हयवदनने केवढा ओरखडा काढून ठेवला होता. गंज धरला असता. सोडवलं, दोन हात दिले, आवळलं.”

एवढं बोलून ते तिच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघायला लागले. ते बघणं नसतं, तर कदाचित ती ह्याही वेळी गप्प बसून उद्या सुरी आणणार होती. पण आज उद्यावर ढकलण्याची सोय नव्हती.

“आत बसा,” ती म्हणाली.

“कोण, मी?”

“तुम्हीच. काही होत नाही, गाडी हलत सुद्धा नाहीये. किल्ली फिरवा आणि धरून ठेवा. आता डावा हात त्या दांडीवर.”

नरसिंहराव स्टिअरिंगमागे अंग चोरून बसले. ‘टक्’ झालं. त्यांनी दांडी धरली, आणि क्षणात हात झटकून बोटं तोंडात घातली.

अनुसूयाने हयवदनचंच बोलणं त्यांना सांगितलं. करंट कुठून जातो, कुठून परत येतो, पट्टी कशाला टेकायला हवी. आवाज चढवला नाही. “तो ओरखडा हयवदनचा नव्हता, माझा होता,” ती शेवटी म्हणाली. “म्हणून इतके दिवस गाडी नीट होती.”

नरसिंहरावांनी बोटं तोंडातून काढली. “सांगितलं का नाहीस?”

“रंग तुमचा होता.”

ते उतरले, घरात गेले. नंदकिशोरला वाटलं, रागावले. पण ते परत आले ते नकाशावरची चुकलेली रेघ खरवडायचं पातं घेऊन. पट्टी सोडवून त्यांनी आपला सकाळचा ओला रंग दोन्हीकडून काढायला घेतला, तितक्याच निगुतीने, लोखंड पांढरं होईपर्यंत. मग आवळलं, हात पुसले आणि बाजूला झाले. अनुसूया बसली. पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली.

“वा,” नंदकिशोर खुलला. “म्हणजे आता काहीच प्रश्न नाही. मग आजच घेऊन जाऊ, अण्णा?”

स्टिअरिंगवर अनुसूयाची बोटं आवळली गेली. दुरुस्त झालेली गाडी त्याला जास्तच हवी असणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नरसिंहरावांनी घसा साफ केला. शेजारचे गच्चीतून बघत होते, पेपरवाला फाटकाशी थांबला होता. “नंदू, हिच्या हातामुळे बिघडतेय असं समजून मी देत होतो,” ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “जड हात माझा होता. गाडी हिच्याकडेच राहील.”

नंदकिशोरला सोडायला नरसिंहरावही निघाले. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच ते गाडीत पुढे बसले. मार्केटपाशी तो उतरून बसमध्ये चढला. मागे ऑटो, पुढे बस, बाजूला हातगाड्या, सगळे एकाच वेळी कर्कश हॉर्न देत होते, आणि ह्या गर्दीच्या अगदी मध्यावर अनुसूयाने गुंडी ओढून इंजिन बंद केलं.

“बंद कशाला केलीस?” नरसिंहराव सीटवरून अर्धे उठले. मागून ऑटोवाला ओरडला. “अगं, नाही लागली तर?”

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. नरसिंहरावांनी एकदा मागे पाहिलं, एकदा किल्लीकडे पाहिलं. कपाळावर घाम आला. आणि मग त्यांची मान हळूहळू तिच्याकडे वळली.

“रोज असंच व्हायचं तुला?” त्यांनी विचारलं.

“रोज,” अनुसूया म्हणाली, आणि तिने किल्ली फिरवली.