चौलकर सरांचं जर्नल

हेमाली घरत गाडी घेऊन मुरुडला निघाली, ते संपादक मंडळातल्या बाकीच्यांना नको होतं. एका ईमेलने काम होईल, असं त्यांचं मत. पण दत्तात्रेय चौलकरांना ईमेल पाठवून संपादकपदावरून दूर करायचं, ही कल्पनाच तिला सहन होईना.

हेमाली उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. मिठागरं गेली आणि वडिलांनी ट्रक घेतले. घरात कुणी पदवीपर्यंतही पोचलेलं नव्हतं. अशा मुलीला सरांनी पीएचडीला घेतलं, तेव्हा त्यांच्या संस्थेत पुष्कळांच्या भुवया उंचावल्या होत्या. सर ऊर्जेचं अर्थशास्त्र शिकवायचे. वीज बनताना खाडीतली मासळी कमी होते, राखेने माणसं खोकतात, त्यातलं काहीच विजेच्या दरात धरलं जात नाही, मग ते भरतं कोण? हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला. अशा लेखनाला कुणी जागा देईना, तेव्हा त्यांनी स्वतःचं जर्नल काढलं. निवृत्त होऊन मुरुडच्या वाडीत राहायला गेले तरी जर्नल तिथून चालूच होतं. एखादा पेपर नाकारला, तरी सर त्या लेखकाला असं सविस्तर लिहायचे की तो माणूस दुप्पट उमेदीने पुन्हा लिहायला बसायचा.

म्हणूनच प्रज्योतची तक्रार वाचून हेमालीला आधी खरं वाटलं नाही. प्रज्योत माणगावच्या कॉलेजात हंगामी प्राध्यापक होता. सौर पंप आले, वीज फुकट झाली, आणि त्या भागातल्या विहिरींचं पाणी किती खाली गेलं, यावर त्याने पेपर पाठवला होता. उत्तर आलं एका ओळीचं: नामंजूर. सोबतचे अभिप्राय समुद्रातल्या पवनचक्क्यांवरचे, भलत्याच कुणाच्या पेपरचे. त्याने नम्रपणे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तीच ओळ परत आली. कायम नेमणुकीच्या मुलाखतीपर्यंत पेपर हाती नव्हता, आणि नेमणूक दुसऱ्या कुणाची झाली.

हेमालीने मागचं तपासलं, तर असे घोळ आणखी सापडले.

सर ओटीवर लॅपटॉप उघडून बसले होते. तिला पाहून चेहरा फुलला. "ये गं. बाबांचे ट्रक काय म्हणतात?" मग लगेच विषयावर आले. तीस वर्षांनी जन्मणाऱ्या माणसाचं नुकसान आपण आजच्या हिशेबात किती धरायचं, यावर ते बोलत राहिले, आणि हेमाली पुन्हा विद्यार्थिनी होऊन ऐकत राहिली. क्षणभर तिला वाटलं, सगळा आपलाच गैरसमज. एवढ्यात सर थांबले आणि म्हणाले, "ये गं. बाबांचे ट्रक काय म्हणतात?"

ती चहाचं निमित्त करून आत गेली. सरांच्या पत्नी, कमळकाकू, ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"कळलं ना तुला," त्या म्हणाल्या. वळल्या नाहीत.

"कधीपासून, काकू?"

"मागच्या दिवाळीपासून म्हण. आधी नुसती नावं विसरायचे. आता मी पेपर वाचून दाखवते, हे सांगतात, मी टाइप करते. मी शाळेत भूगोल शिकवलेली बाई, मला त्यातलं काय कळणार? हे म्हणाले नामंजूर, मी विचारलं, कुठला? म्हणाले, हाच. मी बटण दाबलं."

"मला एक फोन करायचा होतात."

"केला असता तर तू काय केलं असतंस? आज आलीस तेच ना?" काकूंनी गॅस बारीक केला. "सकाळी उठल्या उठल्या म्हणतात, कमळ, आज काय आलंय बघ. तेवढ्यासाठी दाढी करतात, धुतलेला शर्ट घालतात. हे तुम्ही काढून घेतलंत, तर ते उठतील कशासाठी?"

चहा घेऊन हेमाली बाहेर आली आणि सरांच्या समोर बसली. आडवळणाने बोलून चालणार नव्हतं, तिने सरळच सांगितलं. पेपरची अदलाबदल झाली, ती पुनःपुन्हा होते आहे, आणि यापुढे जर्नल तिला सांभाळावं लागेल.

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ ते पुसत बसले.

"मला वाटायचं, थोडं इकडचं तिकडे होतंय," ते म्हणाले. "इतकं?"

"हो, सर."

"त्या मुलाचं काय झालं?"

"नोकरी गेली."

सर उठले. "मला त्याच्याकडे घेऊन चल. हे कागदावर सांगायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोह्यावरून माणगावला निघाले. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, काकू मागच्या सीटवर होत्या. बराच रस्ता सर स्वतःशी वाक्यं जुळवत होते. "मी तुमची क्षमा मागायला आलो आहे," असं एकदा, मग "तुझी" असं एकदा. रोहा मागे पडलं तसे त्यांचे ओठ हलायचे थांबले. कोलाडच्या पुढे त्यांनी विचारलं, "आपण लग्नाला चाललोय का?" काकूंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हेमालीने गाडी परत फिरवायचा विचार केला, पण प्रज्योत वाट बघत होता.

तो कॉलेजच्या फाटकाशीच उभा होता. नोकरी सुटली होती, तरी भेटायला दुसरी जागा त्याला सुचली नव्हती. अंगाने बारीक, आणि तोंडावर धरून ठेवलेला राग. समोरच्या हॉटेलात चौघं बसले. सरांनी त्याच्याकडे मोठ्या आपुलकीने पाहिलं.

"काय काम करतोस?"

प्रज्योतने हेमालीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मग तो सांगू लागला, आधी तुटक, नंतर रंगून. पंप, विहिरी, उन्हाळी भाजीपाला. सर पुढे झुकून ऐकत होते.

"ज्याने पंप घेतला नाही, पण विहीर शेजारीच आहे, त्याला विचारलंस?"

"नाही, सर."

"त्याला विचार. तुझ्या पंपवाल्याच्या फायद्याची किंमत तोच भरतोय." सर मागे टेकले. त्यांचे डोळे चमकत होते. "फार चांगलं काम आहे. अरे, मग हे माझ्याकडे का नाही पाठवलंस? मी छापलं असतं."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. प्रज्योतच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नसेल. त्याने समोरचा ग्लास उगाच सरकवला आणि म्हणाला, "पाठवतो, सर."

"लवकर पाठव."

परतताना सर आनंदात होते. एक चांगला मुलगा भेटला, असं ते काकूंना दोनदा म्हणाले.

त्याच आठवड्यात हेमालीने सरांचा पासवर्ड बंद केला. प्रज्योतने शेजारच्या विहीरवाल्यांना भेटून पेपर पुन्हा लिहिला. तिने तो दोन अनोळखी तज्ज्ञांकडे पाठवला, आणि तो छापून आला. नेमणूक मात्र मिळाली नाही. तो आता पनवेलला एका क्लासमध्ये शिकवतो.

अंक घेऊन हेमाली पावसाळ्यानंतर मुरुडला गेली. सर ओटीवर बसले होते, दाढी वाढलेली. त्यांनी अंक हातात घेतला, मांडीवर ठेवला आणि नारळाच्या झावळ्यांकडे बघत राहिले.

काकू तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

"सुरुवातीला रोज विचारायचे, आज काय आलंय. मी सांगायचे, आज सुट्टी आहे. मग म्हणायचे, बरं, उद्या बघू. रोज खोटं बोलायचं माझ्या जिवावर यायचं." काकूंनी फाटकाची कडी धरून ठेवली. "आता विचारतच नाहीत. विचारत होते तेच बरं होतं गं."

हेमालीने त्यांचा हात हातात घेतला. मग काकू सरांना जेवायला वाढायचं म्हणून आत गेल्या.