चौकशी चालू आहे

“नाव?”

“साहेब, मागच्या गुरुवारी सांगितलं होतं.”

“आज हा गुरुवार हाय. नाव?”

“रामकिसन साहेबराव औताडे.”

बिभीषण हवालदाराने ते सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहून घेतलं. फाइलीत ते नाव जागोजागी छापलेलं होतं. पण त्याला ते त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं असे.

समोरच्या बाकावर बसलेला रामकिसन एकोणसाठ वर्षांचा होता. तीस वर्षं अमेरिकेत राहून, तिथला नागरिक होऊन तो परत आला होता. बायको वारली, मुलगी तनुजा तिकडेच संसाराला लागली. आणि याला पुन्हा भारताचा नागरिक व्हायचं होतं. अर्ज पुढे सरकायचा तर आधी पोलिसांची चौकशी लागते. माणूस कुठला, कसा, त्याच्यावर काही गुन्हा आहे का, शेजारीपाजारी काय म्हणतात. ती चौकशी या ठाण्यात बिभीषणकडे आली होती, आणि सात महिने झाले तरी पुरी होत नव्हती.

“जन्मगाव?”

“धामणखेडा. आता शहरातच आलंय म्हणा ते.”

“शाळेचा दाखला?”

“दिलाय की.”

“झेरॉक्स हाय. मूळ पायजे.”

“मूळही दाखवलाय साहेब. दोनदा.”

“मंग तिसऱ्यांदा दाखवा. पुढच्या गुरुवारी या.”

रामकिसन उठला. शर्ट पाठीला चिकटला होता. दाराशी जाऊन तो परत वळला. “चौकशी कुठवर आलीय, तेवढं तरी कळेल का? व्हिसाची मुदत दरवेळी वाढवून घ्यावी लागते हो मला. माझ्याच गावात मी परका. मला इथं परका म्हणून मरायचं नाही.”

बिभीषणने फाइल मिटली. “चौकशी चालू आहे,” तो म्हणाला. एरवी त्याची बोली सोयगावकडची, पण हे तीन शब्द तो शुद्ध बोलायचा, जिभेवर घोळवून बोलायचा.

हे शब्द त्याने पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. सत्त्याऐंशी साल, लागोपाठचा दुष्काळ. त्याचा बाप मल्हारी सव्वाशे मेंढरं घेऊन सोयगावच्या बाजूने निघाला आणि खुलताबाद ओलांडून धामणखेड्याच्या पडीक रानात बसला. तिसऱ्या दिवशी साहेबराव औताड्यांच्या मळ्यातली विहिरीवरची मोटार चोरीला गेली. साहेबरावांच्या थोरल्या पोराने, या रामकिसनने, चावडीपुढे बोट दाखवलं: या धनगराला मी रात्री विहिरीपाशी बघितलं. पोलीस आले, मल्हारीला घेऊन गेले.

बिभीषण रोज भाकरी बांधून ठाण्यात जाई. रोज एकच उत्तर मिळे. चौकशी चालू आहे, उद्या ये. असे अकरा दिवस. तिकडे गावाने विहिरी बंद केल्या. चोरांच्या मेंढरांना कोण पाणी पाजणार? माय, साळूबाई, एकटी कळप घेऊन कोरड्या नदीत झिरा उकरत बसली. अकराव्या दिवशी मल्हारी सुटला तेव्हा निम्मा कळप मरून पडला होता. मोटार सापडली नाही. ‘जा’ एवढंच त्याला सांगण्यात आलं.

उरलेली मेंढरं मल्हारीने मिळेल त्या भावाने विकली आणि शहरात येऊन सिडकोच्या बांधकामांवर विटा वाहिल्या. पण कुणाच्या शेताच्या कडेने जायची वेळ आली की हा माणूस दोन्ही पंजे उघडे पुढे धरून चालायचा, बघा बाबांनो, माझ्या हातात काही नाही. मरेपर्यंत ती सवय गेली नाही. बिभीषण पोलीस भरतीला उतरला तो सरकारी नोकरीसाठी, असं सगळे समजत. त्याला फक्त त्या बाकाच्या पलीकडच्या बाजूला बसायचं होतं.

आणि तीस वर्षं नोकरी झाल्यावर नशिबाने ही फाइल त्याच्या टेबलावर आणून ठेवली. रामकिसनने त्याला ओळखलं नाही. छातीवर ‘बी. एम. गडदे’ अशी पट्टी होती, पण धनगराचं आडनाव काय, हे धामणखेड्यात त्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं.

त्या गुरुवारी बिभीषण हर्सूलला घरी आला, तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. आठवडा उलटून गेल्यावर आलेलं पाणी. साळूबाई ऐंशीच्या घरातली, पण पाणी आलं की ती कुणाला नळी धरू देत नसे. ड्रमपाशी स्टूल टाकून बसली होती. बिभीषणने सात महिने पोटात ठेवलेली गोष्ट तिला सांगून टाकली. त्याला वाटलं, म्हातारीचा चेहरा उजळेल.

तिने नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली. “सात महिने झाले, आन मला आज सांगतोस व्हय?”

“दर गुरुवारी येतोय माय. दोन-दोन तास बसवतो. घाम फुटतो त्याला.”

“तू कोन हायस, हे म्हाईत हाय त्याला?”

“नाय.”

“मंग तो सरकारला शिव्या देत घरी जात आसंल. तुला काय भेटलं त्याच्यात?”

बिभीषणने भरलेल्या ड्रमवर झाकण ठेवलं.

“आरं, कोल्ह्यानं मेंढरू नेलं तर कोल्ह्याला दगड मारावा. आडून मारला तरी लागतो, पन कोल्ह्याला कळाया नगं का कोनी मारला?” तिचा आवाज चढला. “चावडीपुढं साऱ्या गावाच्या देखत तुझ्या बापाला चोर म्हनला तो. तिथंच उभा कर त्याला. त्याच्या तोंडानं वदवून घे. माझ्यापुढं. मी मरायच्या आत.”

पुढच्या गुरुवारी रामकिसन मूळ दाखला घेऊन आला. बिभीषणने तो पाहिला, परत केला आणि कोरा कागद पुढे ओढला.

“शेवटचा प्रश्न. तुमी पोलिसांना कधी खोटा जबाब दिलाय?”

“हा प्रश्न फॉर्ममध्ये आहे?”

“माझ्या फॉर्मात हाय. सत्त्याऐंशी साल. तुमच्या मळ्यातली मोटार.”

 रामकिसन एकदा बिभीषणकडे, एकदा त्याच्या छातीवरच्या पट्टीकडे बघत राहिला. “तुम्ही... त्या धनगराचे...”

“त्या धनगराचं नाव मल्हारी.”

बाहेर कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती, किका मारल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“मोटार मीच विकली,” शेवटी तो म्हणाला. “मुंबईला मुलाखतीला जायचं होतं, वडील जाऊ देत नव्हते. कुणाचं तरी नाव घ्यावं लागणार होतं. तुमची मेंढरं शेजारच्या रानात बसली होती.”

“म्हंजे समोर दिसला म्हनून?”

“हो. वाटलं, तुम्ही लोक काय, आज इथं, उद्या तिथं. दोन रट्टे देतील आणि सोडून देतील.”

“अकरा दिवस ठिवला. साठ मेंढरं मेली आमची.”

“मला माहीत नव्हतं.”

“माहीत करून घेतलं?”

“नाही.” रामकिसनने मान खाली घातली. “नाही घेतलं.”

बिभीषणने कागद त्याच्याकडे सरकवला. “हे सारं तुमच्या हातानं लिवा. खाली सही.”

“फाइलीला लावणार हा कागद?”

“लावणार.”

“मग माझं काम व्हायचं नाही.”

“नाय तर नाय.”

“आणि नाही लिहिला तर?”

“तर चौकशी चालू आहे.”

रामकिसनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिशातून पेन काढून तो लिहू लागला. बिभीषण त्याच्या हाताकडे बघत होता. इतकी वर्षं वाट बघितलेली ही घटका. ती गुळासारखी गोड लागेल असं त्याला वाटलं होतं. गोड लागली. खोटं कशाला बोला, चांगली गोड लागली.

सही झाल्यावर तो म्हणाला, “रविवारी सकाळी धामणखेड्याला चावडीपाशी यायचं. माझी माय येनार हाय. तिथं हे मोठ्यानं वाचायचं.”

“वाचलं तर कागद फाइलीतून काढाल?”

“नाय.”

“मग मी कशासाठी येऊ?”

बिभीषणने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “ते तुमचं तुमी बघा,” तो म्हणाला.

रविवारी मायलेक रिक्षाने धामणखेड्याला पोचले, तर रामकिसन आधीच येऊन उभा होता. चावडी मात्र नव्हती. त्या जागी सिमेंटचं दुकान होतं, त्याच्या पलीकडे प्लॉट विकणाऱ्यांचा मोठा रंगीत फलक, आणि जिथे गावाची गायरान जमीन होती तिथे तीन-तीन मजली इमारती. दुकानापुढे पाण्याचा टँकर लागला होता आणि त्याच्याभोवती बायकांची हंडे-बादल्या घेऊन ही गर्दी. सगळ्या बाहेरून राहायला आलेल्या. कुणी जालन्याकडची, कुणी परभणीकडची.

साळूबाईने डोळ्यांवर हात धरून इकडेतिकडे पाहिलं. “हितंच व्हती चावडी,” ती म्हणाली. “हितं उभं ऱ्हा.”

रामकिसन उभा राहिला. बिभीषणने कागद त्याच्या हातात दिला. त्याने कागद उघडला आणि वाचायला सुरुवात केली. मी रामकिसन साहेबराव औताडे, लिहून देतो की.

रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, “पान्याचं काय वाचून ऱ्हायलेत का वो?”

“नाय वो. कोन्या मल्हारीचं हाय.”

“कोन मल्हारी?”

“काय की बाई. सरका तुमी पुढं.”

“परत वाच,” साळूबाई म्हणाली. “मोठ्यानं.”

त्याने परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. तिसऱ्या खेपेला त्याचा आवाज फाटला. साळूबाईच्या तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

जुन्या गावातलं तिथे एकच माणूस होतं. दगडाबाई, नव्वदीची, कानाने जड, दुकानाच्या पायरीवर उन्हाला बसलेली. साळूबाईने रामकिसनला बोटानेच तिच्याकडे नेलं. तो वाकला आणि तिच्या कानाशी ओरडला, “मावशी, मोटारीची चोरी! सत्त्याऐंशीची! मल्हारी धनगर!”

म्हातारीच्या डोळ्यांत ओळख उमटली. “मल्हारी? लंगडं कोकरू खांद्यावर घिऊन हिंडायचा, त्यो?”

साळूबाई पुढे झाली. “त्योच! त्योच गं!”

“त्यानं केली व्हती की चोरी,” दगडाबाई म्हणाली. “साऱ्या गावाला म्हाईत हाय.”

“नाही मावशी!” रामकिसन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. “मी केली! मी, मी!”

दगडाबाई त्याच्याकडे बघून बोळकं उघडून हसली. “तू? साहेबरावाचा तू? जाय येड्या. मोठ्या घरची लेकरं कुठं चोऱ्या करतेत व्हय?”

त्याने आणखी दोनदा सांगितलं. तिने हसून त्याच्या गालावरून हात फिरवला आणि आपली बोटं कानशिलावर मोडली.

साळूबाई तिथेच दुकानापुढच्या सिमेंटच्या गोणीवर बसली. बऱ्याच वेळाने उठली. रामकिसन काही बोलू गेला, तर तिने हात वर केला.

“तू आलास, वाचलंस. मी ऐकलं. पन मी काय तुला माफ केलं नाय. जा आता.”

 घरी आल्यावर ती पाणी प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मंगळवारी बिभीषणने अहवाल लिहिला. अर्जदार मूळचा धामणखेड्याचा, गुन्हे नोंद नाहीत, शेजाऱ्यांचे जबाब सोबत. त्याच्या मागे त्याने रामकिसनचा कागद टाचणीने पक्का लावला आणि फाइल वर पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी फाइल परत आली. समासात हिरव्या शाईने शेरा होता: सोबतच्या कागदात उल्लेखलेल्या प्रकरणी कोणताही गुन्हा नोंद असल्याचे आढळत नाही. सबब सदर कागद अर्जाशी संबंधित नाही. काढून टाकून अहवाल फेरसादर करावा.

बिभीषणने शेरा दोनदा वाचला. गुन्हा नोंदच नव्हता. म्हणजे ते अकरा दिवस कुठल्याच सरकारी वहीत नव्हते. मल्हारी कागदावर कधी चोर ठरलाच नव्हता, त्यामुळे निर्दोष ठरायची सोयही नव्हती. त्याने टाचणी काढली. फाइल बंद करून पुन्हा वर धाडली. या वेळी ती अडली नाही. दिवाळीच्या सुमाराला रामकिसनचं काम झाल्याचं ठाण्यात कळलं. ते सांगणाऱ्या शिपायाला बिभीषण “बरं” एवढंच म्हणाला.

शेरा आला त्याच दिवशी ड्युटी संपल्यावर तो औरंगपुऱ्यात गेला होता. एका अरुंद गल्लीत लॅमिनेशनचं दुकान होतं. त्याने शर्टाच्या आतून कागद काढून काउंटरवर ठेवला.

दुकानदाराने तो उलटापालटा केला. “हाताने लिहिलेलं आहे. शिक्का नाही काही नाही. साधं प्लास्टिक घालू ना साहेब?”

“जाडातलं जाड घाला.”

“सर्टिफिकेट आहे का?”

“व्हय,” बिभीषण म्हणाला. “वडलांचं.”

मशीन तापलं. कागद एका बाजूने आत गेला आणि चकाकत दुसरीकडून बाहेर आला. बिभीषणने हात पुढे केला.

“थांबा, गरम आहे. जरा निवू द्या,” दुकानदार म्हणाला.

बिभीषणने टोपी काढून काखेत धरली आणि तो काउंटरपाशी उभा राहिला.