न लावलेली बोली

नवरात्राच्या आधीच्या रविवारी सकाळी शिवकुमारने पेपरातली बँकेची जाहिरात कामाक्षीसमोर धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "कुणाचं घर ते ओळखतेस काय?"

जप्त केलेल्या घरांच्या लिलावाची जाहिरात होती. कर्जदाराचं नाव बारीक अक्षरात होतं, पण कामाक्षीला नावापर्यंत जावंच लागलं नाही. पूर्वेला पिठाची गिरणी, दक्षिणेला पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, देऊळ, राजवाड्यामागची गल्ली. "साईरामचं," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिच्या मनात एवढंच आलं, की म्हणजे हे घर आता विकत मिळेल. साईरामचं आणि त्याच्या बायकोचं काय होईल, हा विचार त्याच्या मागून आला. तो मागून आला, हे तिला पुढे फार दिवस सलत राहिलं.

ते घर साईरामच्या वडिलांनी, कल्याणरामांनी बांधलं तेव्हा कामाक्षी बारा वर्षांची होती. वास्तुशांतीला गल्लीतली सगळी मराठी माणसं जेवायला होती. मोझॅकची फरशी तिने तिथे पहिल्यांदा पाहिली. दुपारी सगळ्या पोरी त्या गार फरशीवर आडव्या पडल्या होत्या. परत येताना तिचे वडील म्हणाले होते, "असं एक आपलंही होईल." ते काही झालं नाही. सहा भाड्याच्या घरांत त्यांचं आयुष्य गेलं. कामाक्षीची मेडिकल कॉलेज रोडवरची भाड्याची जागा ही लग्नानंतरची चौथी. ती शाळेत गणित शिकवायची, तिचा नवरा शिवकुमार वीज मंडळात होता, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि घरमालकाने मार्चपर्यंत जागा सोडायला सांगितलं होतं.

साईरामचा धंदा लग्नाच्या मांडवाचा आणि भांडी भाड्याने द्यायचा. चांगला चालला होता. वाढवायला म्हणून त्याने घर तारण ठेवून मोठं कर्ज काढलं, आणि पुढच्याच वर्षी रोगाच्या साथीत लग्नंच बंद पडली. आता तो कुंभकोणमला एका भांड्यांच्या दुकानात नोकरीला होता. रोज बसने जाऊन येऊन करायचा.

"बँकेने घर बघायचा एक दिवस दिला आहे," शिवकुमार म्हणाला. "पण त्या दिवशी दलालांची झुंबड असेल. पुढच्या खोल्या दाखवून बाहेर काढतील. घर चाळीस वर्षांचं. दुरुस्ती किती निघेल ते नीट बघायला पाहिजे."

"मग?"

"नवरात्र आहे ना. कोलू बघायला कुणीही जातं."

कोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. बायका एकमेकींकडे बघायला जातात, गाणं म्हणतात, सुंडल, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांची उसळ, खातात, हळदीकुंकू घेऊन परततात. पण बोलावणं आलं की जातात. त्या वर्षी साईरामच्या बायकोने, वरलक्ष्मीने, कुणालाच बोलावलं नव्हतं. कामाक्षी तसं म्हणाली. पण नाही मात्र म्हणाली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिने तबकात नारळ, विड्याची पानं, डझनभर बांगड्या घेतल्या, नवी साडी नेसली आणि स्कूटरवर नवऱ्याच्या मागे बसली.

दार वरलक्ष्मीनेच उघडलं. ती कामाक्षीपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. दारात माणसं बघून तिचा चेहरा इतका उजळला, की कामाक्षीला वाटलं, इथूनच परत फिरावं.

"अय्यो, अक्का! या, या. भावजी, तुम्हीही! यंदा कुणी आलंच नाही. मीही बोलावलं नाही म्हणा. नंदिता, बघ कोण आलंय, तुझ्या टीचर."

नंदिता तिची मुलगी, दहावीत, कामाक्षीच्याच वर्गात. ती आतून आली, हसली आणि कॉफी टाकायला गेली.

दरवर्षी नऊ पायऱ्यांचा असणारा कोलू यंदा तीन पायऱ्यांचा होता. "बाकीच्या बाहुल्या बांधून ठेवल्या आहेत," वरलक्ष्मी म्हणाली. कशासाठी ते तिने सांगितलं नाही, या दोघांनी विचारलं नाही. शिवकुमार फोन काढून फोटो घेऊ लागला. आधी बाहुल्यांचे दोन घेतले. मग फोन हळूहळू वर गेला, छताच्या कोपऱ्यात, जिथे प्लॅस्टर फुगून गंजलेली सळई दिसत होती. मग तो म्हणाला, "जरा हात धुऊन येतो," आणि आत गेला.

"अक्का, गाणं म्हणा," वरलक्ष्मी म्हणाली. "देवीसमोर पाच दिवसांत एक गाणं झालेलं नाही."

कामाक्षीला तिच्या आजीने शिकवलेलं देवीचं एक जुनं पद येत होतं. तिने सुरुवात केली. पहिलं कडवं संपतंय तोच मधल्या खोलीतून आवाज आला. टक, टक. थोडं थांबून पुन्हा, जरा पुढे, टक, टक, टक. शिवकुमार बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून बघत होता. प्लॅस्टर कुठे सुटलंय ते असंच कळतं. कामाक्षीने आवाज चढवला. गाण्यात तो आवाज बुडेल असं तिला वाटलं. पण भिंतीचा आवाज काही गाण्याचा ताल धरत नाही. तो मधेच यायचा, तिचा सूर हलायचा. वरलक्ष्मी मान खाली घालून ऐकत होती. आणि इतकं होऊनही कामाक्षीची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली, ओटा पूर्वेला आहे हे तिने पाहिलं, आणि आपला फ्रिज कुठे बसेल याचा हिशेब तिच्या मनात झालासुद्धा. तोंडाने देवीचं नाव चालू होतं.

पद संपलं. वरलक्ष्मीने डोळे पुसले. मग साध्या आवाजात, कॉफीत साखर किती असं विचारावं तसं, ती म्हणाली, "भावजी वाजवतायत ती भिंत चांगली आहे अक्का. ओल पलीकडच्या भिंतीला आहे. चला, दाखवते."

कामाक्षी चटकन उठली. "वरलक्ष्मी, आम्ही..."

"चला ना."

तिने सगळं दाखवलं. न्हाणीघरामागची ओली भिंत, पावसात गळणारा कोपरा, माळ्यावरची वाळवी, गच्चीवर उखडलेल्या फरशा. शिवकुमार आधी चपापला, पण मग त्याच्यातला हिशेबी माणूस जागा झाला आणि तो प्रश्न विचारू लागला. पाइप लोखंडाचे का? बोअरला पाणी किती फुटांवर? वरलक्ष्मी एकेक उत्तर देत होती. काहीच लपवलं नाही. नंदिता कॉफीचे टंबलर घेऊन त्यांच्या मागून खोल्याखोल्यांतून फिरत होती. कुणी थांबून कॉफी घेतली नाही. कामाक्षीला त्या मुलीकडे बघवेना.

निघताना कुंकू लावताना वरलक्ष्मीने कामाक्षीचा हात धरून ठेवला. "अक्का, तुम्ही बोली लावा. मी हे तोंडदेखलं नाही बोलत. पहिल्या खेपेला कुणी आलं नाही, तर बँक किंमत उतरवते. जितकी उतरेल तितकं कर्ज आमच्या डोक्यावर राहतं. हे सांगत होते, त्या तलावाजवळच्या दलालाने बाकीच्यांना सांगून ठेवलंय, पहिल्या खेपेला कुणी येऊ नका म्हणून. तुम्ही एक आलात तरी आमचं निभेल. आणि तुम्ही राहाल या घरात. मला बरं वाटेल."

"बघतों," शिवकुमार म्हणाला. कामाक्षीने आपला हात हळूच सोडवून घेतला. घेतलेलं सुंडल तिने घरी आल्यावर झाकून ठेवलं. रात्री टाकून दिलं.

शिवकुमारने दोन दिवसांत कागदावर सगळं मांडलं. दुरुस्ती आठ-नऊ लाखांची. कर्ज मिळत होतं, अनामत भरायला पैसे होते. "तिने स्वतः सांगितलं. आता काय अडचण आहे?"

"लोक काय म्हणतील? साईराम बुडाला, आणि यांनी त्याचं घर गिळलं."

"लोक गेले खड्ड्यात. ती बोलली ते ऐकलंस ना तू?"

"माझ्याच्याने त्या घरात पाय टाकवणार नाही," कामाक्षी म्हणाली. "गाणं म्हणताना तुम्ही भिंत ठोकत होता. मी जन्मभर तेच ऐकत राहीन."

पस्तावला होता शिवकुमारही, पण तो पस्तावा पोटात ठेवून घर घ्यायची त्याची तयारी होती. अनामत भरायच्या शेवटच्या दिवशी त्याने पुन्हा एकदा विचारलं. ती नको म्हणाली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. आपण कुणाच्या दुःखावर घर बांधलं नाही, असं काहीसं तिच्या मनात होतं, आणि त्यात तिला थोडा अभिमानही वाटला.

वरलक्ष्मीला तिने काही कळवलं नाही. काय कळवणार? वर्गात नंदिताकडे बघायचं ती टाळू लागली. वह्या तपासताना तिची वही सगळ्यात शेवटी घ्यायची.

लिलाव झाला. एकही बोली आली नाही. बँकेने किंमत उतरवून महिन्याने पुन्हा जाहिरात दिली, आणि त्या खेपेला तलावाजवळच्या दलालाने एकट्याने बोली लावून घर घेतलं. हे कामाक्षीला शाळेच्या ऑफिसात कळलं, नंदिताच्या वडिलांनी पत्ता बदलल्याचा अर्ज दिला तेव्हा. ती माणसं ओरत्तनाडूला राहायला गेली होती. मुलगी आता तिथून बसने यायची. अर्ज द्यायला साईराम स्वतः आला होता. कामाक्षीला बघून त्याने हात जोडले.

"सगळं मिटलं ना?" तिने विचारलं. विचारायला नको होतं.

"मिटलं काय, अक्का. घर गेलं. सहा लाख अजून आहेत. पगारातून देतोंय." तो थोडा हसला. "असू दे. तुम्हाला घर पसंत पडलं नसेल. दुरुस्ती फार होती, मला ठाऊक आहे."

दुसऱ्या खेपेला किंमत बरोबर सहा लाखांनीच उतरली होती, हे तिच्यासारख्या गणिताच्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी ती एकटीच ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसली. वाटेत तिने बोलायचं सगळं जुळवलं. वरलक्ष्मीचं बिऱ्हाड सरकारी कचेरीमागे, दोन खोल्यांचं. बाहुल्यांच्या पेट्या एकावर एक रचून त्यांवर चादर घातली होती, आणि त्याच पेट्यांवर नंदिता अभ्यास करत होती.

"तुमचं घर घ्यायला मन धजलं नाही वरलक्ष्मी," कामाक्षी म्हणाली. "पाप वाटलं."

वरलक्ष्मी भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही. "कुणीतरी घेणारच होतं अक्का. तुम्ही घेतलं नाही म्हणून ते आमचं राहिलं काय?"

"नाही."

"मग पाप कुणाला लागलं नाही? तुम्हाला. आम्हाला काय मिळालं त्यातून?" ती रागाने बोलत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही निदान सांगायचं तरी होतं. शेवटच्या दिवसापर्यंत मी यांना सांगत होते, अक्का येतील. दुसरं एक गिऱ्हाईक होतं, मन्नारगुडीचं. त्यांना मी म्हटलं, आमच्याच माणसांनी घ्यायचं ठरवलंय."

हे कामाक्षीला ठाऊक नव्हतं. जुळवून आणलेलं सगळं ती विसरली. पदराची कड बोटाला गुंडाळत ती बसून राहिली. आपल्याला त्यांच्यापुढे लाज वाटली म्हणून घर सोडलं, असं ती इतके दिवस समजत होती. आपण त्या लाजेची किंमत त्यांच्या पदरात घालून मोकळ्या झालो होतो, हे तिला आता दिसलं. ती म्हणाली, "अनामतीचे पैसे तसेच आहेत. त्यातले थोडे तुम्ही..."

"नको," वरलक्ष्मी लगेच म्हणाली. "ते मी घेतले तर तुम्ही पुन्हा मोकळ्या व्हाल."

नंदिताने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. वरलक्ष्मीने चिरलेली भाजी पाण्यात टाकली, हात पुसले. तिचा आवाज जरा उतरला. "हिचं गणित मागे पडलंय. बसमध्ये तीन तास जातात. शिकवणीला पाठवायचं तर... तुम्हाला रविवारी येता आलं तर या."

"येईन," कामाक्षी म्हणाली. इतक्या घाईने म्हणाली की तिचं तिलाच ऐकू आलं: काहीतरी करायला मिळालं म्हणून सुटल्यासारखा तो आवाज होता. वरलक्ष्मीलाही तो कळला असावा. तिने उठून चूल पेटवली.

कामाक्षी पेट्यांशेजारी जमिनीवर बसली. नंदिताने वही तिच्याकडे सरकवली, पण हात वहीवरच ठेवला, कारण आतली उत्तरं चुकलेली होती आणि टीचरने ती बघावीत असं तिला वाटत नव्हतं.

"दाखव," कामाक्षी म्हणाली. "चुकलेलंच आधी बघू."

मुलीने हात काढला.