नजराण्याचा रुपया

जयूला शर्यतीचं वेड लावलं ते त्याच्या वडिलांनीच. गोपाळराव उज्जैनच्या एका सरदारांचे मोटारड्रायव्हर. संस्थान विलीन झालं, सरदारांनी मोटारी विकल्या, आणि मोटारखान्याच्या पत्र्याखाली उरली ती लढाईनंतर भंगारात आलेली एक लष्करी मोटारसायकल. तीच सरदारांनी जाताना गोपाळरावांना देऊन टाकली. बापलेकांनी एकेक भाग जुळवून तिच्यात जीव आणला. तिच्यावर बसून जयू देवास रस्त्याला असा सुटायचा, की बैलगाडीवाले आवाज ऐकूनच बाजूला होत. मागच्या थंडीत इंदूरच्या शर्यतीत तो पहिला आला, तोही गुळगुळीत झालेल्या टायरांवर.

आता छप्पन साल होतं, आणि डिसेंबरात मुंबईला एका जुन्या विमानपट्टीवर मोठी शर्यत व्हायची होती. तिथे नुसती गाडी घेऊन जाऊन भागत नव्हतं. पाठीशी एखादी कंपनी हवी. तिच्याच नावावर नोंद व्हायची, टायर, तेल, प्रवास सगळं तिनेच बघायचं. जयूने फ्रीगंजचा सगळा बाजार पालथा घातला. एका कापडवाल्याने चहा पाजला आणि म्हणाला, "बेटा, पहलवान को दूध पिलाते सुना है. फटफटी को कौन पालता है?"

शेवटी एका पेट्रोलपंपाच्या मालकाने आशा दाखवली. तेलकंपनीचे खन्नासाहेब सोमवारी पंपाच्या ऑफिसात येणार होते. कंपनी प्रत्येक प्रांतातून एक मुलगा घेणार होती. "मध्यभारताचा तूच समज," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी गोपाळराव अचकन घालून तयार.

"आबा, ते ऑफिस आहे. दरबार नाही," जयू म्हणाला.

"मागायला रिकाम्या हाताने जातात का रे? थोडा सलीका शीक."

जयूची आई, माई, चुलीपाशी हसली. "जाऊ दे रे त्यांना. अचकनीला तेवढंच ऊन लागेल. कसर लागून राहिलीय तिला."

आबांनी जयूला समोर बसवलं. लहानपणी क्लच आणि ब्रेक शिकवले होते तसंच, सावकाश शिकवायला घेतलं. "हे बघ. दोन्ही तळव्यांवर हा भैरवगढचा छापील रुमाल पसरायचा. मध्ये चांदीचा रुपया. रुपयावर ओल्या कुंकवाचा टिळा. मालक रुपया घेत नाहीत. नुसतं बोट लावतात. रुपया आपला आपल्याकडेच राहतो. पण ज्याच्या नजराण्याला मालकांचं बोट लागलं, तो त्यांचा माणूस झाला. त्याला मग वाऱ्यावर सोडत नाहीत."

"आणि नाही लावलं तर?"

"मग त्या माणसाने पुन्हा तोंड दाखवायचं नाही," आबा म्हणाले आणि हसले. "आपल्यावर नाही आली कधी ती वेळ."

माईने रुपयावर आपल्या करंगळीने टिळा लावला. छान गोल.

खन्नासाहेब तरुण होते. टेबलावर कागद पसरलेले, हातात पेन. जयूने तोंड उघडण्याआधीच आबांनी वाकून मुजरा केला आणि दोन्ही तळवे पुढे केले.

साहेबांनी रुमालाकडे पाहिलं. "ये क्या है? रिश्वत? और वो भी एक रुपया?"

कोपऱ्यातला कारकून फिस्सकन हसला. आबांना वाटलं, आपण पुरेसे वाकलो नाही. ते आणखी वाकले. "हुजूर, बस उँगली लगा दीजिए."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "इन बुजुर्ग को बाहर बिठाओ. फिर तुम्हारी रेस की बात करेंगे."

या रिवाजाचा अर्थ साहेबांना दोन वाक्यांत सांगता आला असता. जयूला ते कळत होतं. पण साहेबही हसले तर? हा मुलगाही जुन्या सरंजामातलाच, असं त्यांना वाटलं तर? मुंबईची विमानपट्टी त्याच्या डोळ्यांपुढे आली. सरळ, लांब, मोकळी.

"आबा, तुम्ही बाहेर बसा," तो म्हणाला. या आवाजात तो वडिलांशी कधीच बोलला नव्हता.

आबा रागावले नाहीत. त्यांनी रुमाल तसाच अलगद जयूच्या तळव्यांवर ठेवला. "साहेब जरा गरम आहेत," ते हळूच म्हणाले. "शांत झाले की तू पुढे कर." आणि पाठ न दाखवता, दरबारातून निघावं तसे, मागे मागे सरत दाराबाहेर गेले.

साहेबांनी मग नीट ऐकून घेतलं. इंदूरची शर्यत, वळणावर गाडी कशी कलती घेतो, सगळं. "लड़का तू अच्छा है," ते म्हणाले. "लेकिन नवंबर में तुम्हारा मध्यभारत ही नहीं रहेगा. नया प्रांत बन रहा है, राजधानी भोपाल. नए प्रांत का एक ही लड़का, और वो जबलपुर का है. काग़ज़ पिछले हफ़्ते ही चला गया. पंपवाले को किसी ने बताया नहीं क्या?"

मागच्या आठवड्यातच. म्हणजे आबा आत असते काय आणि बाहेर असते काय.

रुमाल अजून जयूच्या हातांवर होता. "साहब, बस एक बार इसको..." तो म्हणाला. पण साहेबांनी फोन उचलला होता.

बाहेर तेलाच्या डब्यांशेजारी आबा उभेच होते. बाकावर बसले नव्हते. अचकनीची सगळी बटणं लावलेली.

"लावलं बोट?"

"लावलं," जयू म्हणाला.

आबांनी रुमालाकडे पाहिलं. कुंकवाचा टिळा आता वाळला होता, पण माईच्या करंगळीने लावला तसाच होता, गोल. आबा जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले. "चल."

वाटेत एका टांगेवाल्याने हाक मारली, "क्या गोपाळराव, आज अचकन! किसकी बारात?"

"लड़के के काम से गया था," आबा म्हणाले. "अच्छे लोग हैं." आणि पुढे जयूला गाडीच्या चेनबद्दल काहीबाही सांगत राहिले, ती जरा सैल वाटते म्हणून. जयू मान हलवत होता. त्याला एक शब्दही ऐकू येत नव्हता.

घराच्या फाटकाशी आबा थांबले. "आण तो रुमाल."

त्यांनी अंगठा जिभेला लावला, ओला केला आणि रुपयावर टेकवून सावकाश फिरवला. टिळा फिसकटला. रुपयाच्या कडेपर्यंत लाल ओघळ गेला.

"बोट लागलं की कुंकू असं पसरतं," ते म्हणाले. आवाज सकाळचाच, शिकवण्याचा. "लक्षात ठेव."

रुमालासकट रुपया घेऊन ते आत गेले. माईने रुपया हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि देवापुढे ठेवून नमस्कार केला.

जयू फाटकातच उभा होता. आतून माईचा आवाज आला, "अहो, मग कधी निघायचं त्याने? दशम्या करायच्यात, आधी सांगा बाई, नाहीतर ऐन वेळी माझी धांदल!"

आबा अचकनीचं वरचं बटण काढत होते. ते निघत नव्हतं.

"सांगतो," ते म्हणाले.