कमी पडलेलं कापड

गफ्फार शेख नागभीडच्या बाजारात तीस वर्षांपासून बायांचे ब्लाऊज शिवत होता. दसऱ्याच्या आठवड्यात मशीनवर बसल्याबसल्या त्याचा उजवा हात गळून पडला, जीभ जड झाली. बायको कनीजनं लगेच दवाखान्यात नेलं. "मेंदूला थोडा वेळ रक्त कमी पोहोचलं," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलं. हात येईल, पण तीन महिने कात्री नको."

बोलणं सुधारलं. बोटं मात्र ऐकेनात. सकाळी कनीज त्याच्या शर्टाची बटणं लावायची, तेव्हा तो भिंतीकडे पाहायचा. हात चालत नाही हे लोकांना कळू नये म्हणून महिन्यातच त्यानं दुकान उघडलं.

जवळच्या खेड्यातली आशाबाई लेकीच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, ब्लाऊज शिवायला देऊन गेली. साडीतलंच कापड. कापताना कात्री घसरली आणि पुढचा भाग आडवा फाटला.

ती न्यायला आली तेव्हा त्यानं तुकडे तिच्यासमोर ठेवले. "बाई, कापडच कमी होतं. मी जोडाले पाह्यलं, तं फाटलं."

"माहीच चूक भाऊ. मी मोजून आणाले पाह्यजे होतं." जाताना तिनं वांग्यांची पिशवी ठेवली. "तुमची तब्येत सांभाळा."

त्या दिवशी वांग्याची भाजी त्यानं बाजूला सारली. कनीजनं विचारलं, तेव्हा त्यानं सांगून टाकलं.

"बिमारीची काय शरम?" ती म्हणाली. "शरम तं ह्याची हाय."

तरी आशाबाईकडे जायला त्याला आठ दिवस लागले. आशाबाई अंगणात धान वाळवत होती. बोलताना त्याची जीभ पुन्हा अडखळली. "बाई, कापड पुरेसं होतं. माहा हात चालत नाई. मी खोटं बोललो."

आशाबाई थांबली. "साक्षगंध झालं भाऊ. माही दिव्यानी जुनं ब्लाऊज घालून बसली. व्याह्यांच्या बायांनी विचारलं, तं दिव्यानीच म्हणे, आईले कापडाचा हिशोबच नाई समजत. सगळे हसले."

गफ्फारची मान वर होईना.

"मले नोका सांगू," ती म्हणाली. "तिले सांगा."

दारात उभं राहून त्यानं दिव्यानीला सगळं पुन्हा सांगितलं.  ती आईकडे वळली. "मंग तू काऊन चूप राह्यली?"

"मले बी वाटलं, माहंच चुकलं असन."

दिव्यानी अंगणात येऊन बसली आणि आईसोबत धान पसरू लागली. कोणी त्याला बस म्हटलं नाही. तो निघाला. दुसऱ्या दिवशी त्यानं शटरवर कागद चिकटवला : हाताला आजार आहे, संक्रांतीपर्यंत शिवण बंद. अक्षरं कनीजची होती.