हिमस्वामींचा पितळी पंजा

सँडरिंगहॅम या परदेशातल्या उपनगरातल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवरच्या घागरीत विस्तवाशिवाय पाणी खदखदत होतं आणि पांढरा धूर पायऱ्यांवरून खाली उतरत होता. दिवसभर कोडिंग करणारी शहाणी माणसं हात जोडून बसली होती. हिमस्वामी गरजले, "हॉस्पिटलातही गाठ गोठवतात. पण ते सुरी लावतात, मी साक्षात कैलास लावतो!" झालं, टाळ्यांचा कडकडाट!

सुखदाने मात्र हात जोडले नव्हते. तिच्या नवऱ्याच्या, शंतनूच्या, मज्जारज्जूला गाठ होती. सर्जनने नीट समजावलं होतं. पाठ उघडून अतिथंड सळीचं टोक गाठीला टेकवायचं, गाठ गोठून त्याला चिकटली की मज्जारज्जू न ओढता ती अलगद उचलायची. पण दोन महिन्यांपूर्वी, गेल्या बैठकीत स्वामींचा पितळी पंजा पाठीला लागला, कळ थांबली आणि या पठ्ठ्याने ऑपरेशनच रद्द केलं.

"अगं, प्रिन्सिपल तेच आहे ना! थंडी ती थंडी," म्हणे. इंजिनियर ना! आणि इकडे परवा डाव्या पायातली जांडल, म्हणजे रबरी चप्पल, निसटली, तरी याला पत्ता नाही. सुखदा घाबरून रडली होती.

"डोळे मिटा! उघडलेत तर शक्ती माघारी जाईल!" स्वामींचा हुकूम सुटला. सगळ्यांनी मिटले, सुखदाने नाही. जाड हातमोजे घातलेला चेला थर्मोकोलच्या खोक्यातून पांढरे खडे घागरीत टाकत होता. पंजाही त्याच खोक्यातून निघाला.

सुखदाने समोरच्या दुकानातून आणलेली फ्रोझन वाटाण्यांची पिशवी पर्समधून काढली, ओढणीत गुंडाळली आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या पाठीला लावली.

"स्वामी आले!" शंतनू पुटपुटला. "बघ, कळ गेली!"

"डोळे उघड, शंतनू."

स्वामी अजून चार ओळी पुढे होते. शंतनू पिशवीकडे बघतच राहिला. तिच्या आवाजाने आता सगळ्यांनीच डोळे उघडले.

स्वामी भडकले. "श्रद्धा असेल तर शक्ती वाटाण्यातूनही येते!"

"मग घरोघरचे फ्रीझर आहेतच की! स्वामी, हा धूर ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या वायूचा आहे. ते खडे पाण्यात टाकले की असंच खदखदतं. थंडीने कातडी बधिर होते, म्हणून कळ जाणवत नाही. गाठ हाडाच्या आत आहे. तिथवर ना तुमचा पंजा पोचतो, ना माझे वाटाणे!"

काहीजण उठून गेले. काहीजण तरीही पंजासाठी रांगेत राहिले, काय म्हणावं!

गाडीत शंतनू म्हणाला, "मला बरं वाटलं होतं गं."

"वाटलंच होतं रे. झालं नव्हतं."

त्याने तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. तारीख मिळाली. पण पायातली गेलेली संवेदना परत येईल का, याची खात्री कुणीच देईना.

बाबांनो, दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं नसतं. बरं वाटलं की आधी तपासून घ्या, मगच बरं झालो म्हणा. शंतनूने हे दोन महिने उशिरा केलं, आणि तेवढ्या काळात गाठ वाढायची थांबली नव्हती.