छायाचा आवाज येत नाही

हिवरा आश्रमाजवळच्या एका गावात मोतीराम नावाचे सासरे राहत, त्यांची सून छाया राहे, आणि कपाटातल्या साड्यांखाली मी राहत होतो. मी काचेला तडा गेलेला मोबाइल बोलतोय. छायाचा नवरा हर्षल शेगावला लॉजवर कामाला. नवा फोन घेतला तेव्हा मला इथं टाकून गेला. दोन वर्षं डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा सोबतीला.

मग छायानं मला चार्जिंगला लावलं. बियाण्याच्या एका कंपनीत, घरबसल्या गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी निघाली होती. मुलाखत माझ्यावरच झाली. साहेब विचारत राहिले, ही पदर सावरत खाली बघत राहिली. साहेब म्हणाले, बोलायचं शिका, महिन्यानं पुन्हा या.

आता कोर्स कोणता घ्यावा? हर्षल म्हणाला, मोठं सर्टिफिकेट देतात तो घे, भिंतीवर दिसेल. छायाची बहीण योगिनी म्हणाली, नुसता बघायचा असतो तो घे, फुकट आहे. तो छायानं आठवडाभर बघितला. बोलत होतो मी एकटाच. शेवटी तिनं मराठीतला एक निवडला. त्यात नियमच होता, रोज प्रत्येकानं बोलायचं.

तीन दिवस ही गप्प. शिकवणाऱ्या ताई विचारत, छायाताई, आवाज येत नाही तुमचा. ही लिहून कळवी, रेंज नाही. ताई ते मोठ्यानं वाचत. अहो, माझ्या डोक्यावर रेंजच्या चारही दांड्या उभ्या होत्या. पण घरात रेंज यायची ती बैठकीतच, आणि बैठकीत मोतीरामांची खाट. सासऱ्यापुढं सुनेनं आवाज काढायचा नाही, ही त्या घराची रीत.

चौथ्या दिवशी मोतीरामांनी खाट उचलली. दारातून पाठमोरेच म्हणाले, "रेंजले नाव नोको ठेवू, सूनबाई. मधात मीच होतो. बोल आता." आणि खाट गोठ्यात नेऊन टाकली.

छायानं मला तोंडाशी धरलं. मग म्हणाली, "ताई, माहा आवाज येऊन राह्यला का?"

महिन्यानं नोकरी लागली. कंपनीनं लॅपटॉप दिला. मला वाटलं, झालं, पुन्हा साड्या. पण तिनं मला गोठ्यात, मोतीरामांच्या उशाशी ठेवलं. दोन म्हशी, ते आणि मी. दिवस दिवस कोणी बोलत नाही. जुनं झालेलं काही तुमच्याकडे असेल, तर बाबांनो, अधूनमधून वाजवत जा. दुसरं काही मागत नाही.

काल दुपारी, रेंजच्या एका दांडीवर का होईना, मी वाजलो. पलीकडे छाया होती.

"मामाजी, चहा झाला. येतानी खाट घेऊनच या."

 मोतीरामांनी मला खिशात घातलं, आणि खाट उचलली.